शेजारी नसलेला ठिपका

शहराच्या टोकाला, छाणीच्या फ्लॅटवर राहायला आलो आणि दांडिया बाजारातल्या देवळात कीर्तनाला जाणं सुटलं. घरात मी आणि लेक शर्वरी, तीही दिवसभर कामात. ती म्हणाली, "बाबा, बुवांचा आवाज, पेटी, तबला, सगळं फोनवर लाइव्ह येतं. आणखी काय असतं कीर्तनात?"

शर्वरी संगणकावर कृत्रिम जीव घडवते. एका संध्याकाळी मी फोनवर कीर्तन लावून तिच्याजवळ बसलो, तेव्हा तिच्या पडद्यावर ठिपक्यांचा थवा पाखरांसारखा वळत होता.

"थवा असं वेगळं काही नसतंच, बाबा. शेजाऱ्याजवळ राहायचं, त्याच्यासोबत वळायचं, हा ठिपक्याचा नियम. तो कळला की थवा कळला."

"एकच ठिपका ठेव बघू."

तिने ठेवला. तो सरळ जात राहिला.

"नियम विसरला का गं?"

"नाही. शेजारीच नाही, तर वळणार कुणासोबत?"

फोनवर पूर्वरंग संपला. देवळात या वेळी बुक्क्याची वाटी फिरते, कुणीतरी कपाळाला बोट लावतं. सवयीने मी डोळे मिटून मान पुढे केली. कुणाचं बोट लागलं नाही.

डोळे उघडले तेव्हा शर्वरी माझ्याकडेच बघत होती. तिने फोन बंद केला.

"चला, स्कूटर काढते. उत्तररंग तरी सापडेल."