झुकलेले शिक्के

"पायांच्या मागे. अकरा वर्षं झाली, मी आपला पायांच्याच मागे," झेरॉक्सच्या यंत्राला सांगावं तसं नुकुई सर पुटपुटले.

यंत्र कुवाबाराबाईंच्या खुर्चीला इतकं खेटून होतं, की ते पुटपुटणं थेट त्यांच्या मानेवर येत होतं. बाई प्रुफं तपासत होत्या. हातातली लाल पेन्सिल न थांबवता त्या म्हणाल्या,

"गाठी उकलायला वाचकाला वेळ लागतो, सर. म्हणून शेवटी ठेवते."

"वाचक? जगात तिघं आहेत. त्यांतले एक हंगेरीत आजारी असतात."

नुकुई गणित शिकवत. दोन गाठी दिसायला वेगळ्या असल्या तरी मुळात एकच आहेत का, हे कसं ओळखावं, यावर ते दरवर्षी चार पानं लिहीत. कॉलेजच्या संशोधन वार्षिकात ती चार पानं सगळ्यांत शेवटी, नर्सिंग विभागाच्या लेखांनंतर छापली जात आणि नर्सिंगच्या लेखांत पायांच्या जखमांवर दरवर्षी कुणाचा ना कुणाचा एक लेख हमखास असे. नुकुईंचं दुःख एवढंच होतं.

वार्षिकाच्या सव्वातीनशे प्रती निघत. त्या देशभरातल्या ग्रंथालयांत जात आणि तिथे पाकिटासकट फळीवर उभ्या राहत. पण एक वाचक मात्र ठरलेला होता. हिसाए कुवाबाराबाई व्यापारी शाळेत बारावीपर्यंत शिकलेल्या, हिशेब आणि टंकलेखन येतं म्हणून संशोधन कार्यालयात चिकटलेल्या. आता त्यांना बावन्नावं लागलं होतं आणि बावीस वर्षांत वार्षिकातली एक ओळ त्यांनी न वाचता सोडली नव्हती. शब्द अडला की कोश काढायचा. कोशातही अडला तर ज्याचा त्याला विचारायचा. शिक्षणशास्त्राच्या हागिवाराबाईंचा निबंध होता, तिसरीनंतर मुलं वर्गात हात वर करणं का सोडतात यावर. तो बाईंनी दोनदा वाचला होता, दुसऱ्यांदा स्वतःच्या मुलीसाठी. नुकुईंच्या गाठी त्यांनी एकदा लोकर घेऊन प्रत्यक्ष बांधून पाहिल्या होत्या आणि तिसऱ्या पानावरची एक चूक पकडली होती. नुकुई त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी फार आदराने वागले.

आणि मिओ तोकिवाचे पाय.

तोकिवा नर्सिंगमध्ये सहायक होती, पाच वर्षांच्या कंत्राटावर. चार हिवाळे ती कॉलेजची छोटी पांढरी गाडी घेऊन डोंगरापलीकडच्या खेड्यांत जात होती. तिथे घराघरांत एकेकट्या म्हाताऱ्या, साखरेच्या आजाराने पायांतली जाणीव गेलेली. रात्री अंथरुणात गरम पाण्याची बाटली घ्यायची आणि सकाळपर्यंत तिच्याने पाय भाजला तरी कळायचं नाही. मोजे काढून कुणी पाहायचं नाही, कारण परक्या माणसाला पाय दाखवायचे नसतात. तोकिवाने आधी दोन-दोन महिने त्यांच्या दारातला बर्फ नुसता उपसला होता. मग चहा मिळाला. मग कधीतरी मोजे निघाले. ती परत यायची तेव्हा गाडीला धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याचा वास यायचा. आज्या रिकाम्या हाताने सोडत नसत. त्यातला एखादा मुळा किल्लीबरोबर बाईंच्या टेबलावर यायचा.

गाडीची किल्ली बाईंच्या कपाटात असे आणि किल्लीची वही खिळ्याला. कोण गेलं, कुठे गेलं, किती वाजता आलं. इथे सहीऐवजी प्रत्येकाचा स्वतःच्या नावाचा शिक्का चाले. चार हिवाळ्यांची ती वही चाळली तर तोकिवाच्या गोल शिक्क्याने लाल झाली होती.

*

सोमवारी नुकुईंची कुरकुर झाली आणि मंगळवारी ओनोदेरा सर फेरीला निघाले.

ओनोदेरा सर नर्सिंगचे विभागप्रमुख आणि वार्षिकाच्या समितीचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. बाईंच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनीच चांगला सर्जन गाठून दिला होता. नव्या वर्षाला ते कार्यालयात संत्र्यांची पेटी पाठवत. कुठल्याही बैठकीआधी ते एकेकाच्या खोलीत जाऊन बसत, चहा घेत, हवेबद्दल बोलत आणि उठता उठता विषय काढत. त्यामुळे बैठकीत कधी वाद होत नसे. वाद व्हायचा तो आधीच चहात विरघळून गेलेला असे.

या वेळचा विषय साधा होता. वार्षिकात तीन विभागांच्या तीन तऱ्हा. गणितवाले लेखकांची नावं वर्णक्रमाने देतात, त्यांच्यात पुढचं-मागचं काही नसतं. शिक्षणवाले वयाने मोठ्याला आधी घालतात. नर्सिंगमध्ये ज्याने काम केलं तो पहिला, प्रमुख शेवटी. बाहेरचा माणूस गोंधळतो. तेव्हा यंदापासून सगळ्यांना एकच नियम करू, हुद्द्याप्रमाणे नावं. आधी प्राध्यापक, मग सहप्राध्यापक, मग उरलेले.

हागिवाराबाई म्हणाल्या, आमच्याकडे फारसा फरक पडत नाही. खरंच पडत नव्हता. नुकुई म्हणाले, मी तर एकटाच लिहितो. आणि चहा संपता संपता त्यांनी सुचवलं, की क्रम बदलायचाच आहे तर विभागांचाही बदलता येईल. ओनोदेरांनी लगेच मान डोलावली.

कुवाबाराबाईंच्या खोलीत ते बसले नाहीत, दारातूनच बोलले.

"गुरुवारच्या बैठकीचं इतिवृत्त तेवढं करून ठेवा. नेहमीसारखं. गणित आधी घ्या, नुकुईंना बरं वाटेल."

इतिवृत्त बैठकीआधीच टाइप होई, ही इथली रीत. 'चर्चेअंती सर्वांनी मान्यता दिली' हे वाक्य बाईंच्या संगणकात कायमचं बसलेलं होतं. त्या दिवशीही ते बोटांतून आपोआप उतरलं. मग त्यांनी नव्या नियमाप्रमाणे अनुक्रमणिका लावायला घेतली आणि पायांच्या लेखाशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

ओनोदेरा. त्याखाली सहप्राध्यापक, ज्यांनी इस्पितळाकडून परवानगीचं पत्र आणून दिलं होतं. त्याखाली तोकिवा.

बाकी कुणाच्याही लेखात काही हललं नव्हतं. तीन विभागांसाठी केलेला नियम नेमका एका माणसावर येऊन पडला होता.

तोकिवाचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं. समुद्राकाठच्या शहरात एका नर्सिंग कॉलेजात जागा निघाली होती, कायमची. अर्जासाठी अट एकच, पहिल्या नावाचा एक तरी छापील निबंध हवा. तोकिवाचा तसा हा पहिलाच होता. त्या अर्जाचा कागद बाईंनीच तिला छापून दिला होता. ओनोदेरांना जागा ठाऊक होती का? बाईंनी आठवून पाहिलं. शिफारसपत्रावर त्यांचाच शिक्का होता.

*

बुधवारी तोकिवा प्रुफं द्यायला आली. रबरी बूट दाराशी काढून, सपाता घालून, पाऊल न वाजवता.

"झालं सगळं," ती म्हणाली. "तक्ता तीनमध्ये एक आकडा बदललाय. ताकेयो आजी गेल्या ना नोव्हेंबरात."

बाईंनी पहिलं पान उलटलं. लेखकांच्या नावांवर लाल पेन्सिलीने खूण केलेली होती. 'हे तिथे, ते इथे' अशी मुद्रितशोधकाची वळणदार खूण, नीट, पट्टी लावल्यासारखी. तोकिवाचं नाव वरून खाली. ओनोदेरांचं खालून वर.

"ही तू केलीस?"

"तुम्हाला करायला लागू नये म्हणून." ती हसली. "ओनोदेरा सर सांगून गेले. नियम सगळ्यांनाच आहे ना. मग बरं."

बाईंना संताप आला, तो आधी तिच्याच खुणेवर. एवढी सुबक खूण काढायला हात धजावला कसा? मग तो तिच्यावरून सरकून दुसरीकडे गेला आणि फिरून आपल्याच टेबलावर येऊन बसला. तिथे उद्याचं इतिवृत्त छापून पडलं होतं. त्यात सर्वांनी मान्यता देऊन झाली होती.

तोकिवा निघाल्यावर बाईंनी किल्लीची वही खाली घेतली आणि चहा निवेपर्यंत नोंदी मोजल्या. तोकिवा, एकशे त्र्याण्णव. ओनोदेरा, एक. स्टेशनवरून पाहुण्यांसाठी केक आणायला.

*

गुरुवारी जेवणानंतर बैठक बसली. स्टोव्हवर किटली गुणगुणत होती. बाहेर बर्फ पडायचा थांबला होता आणि खिडकीतून खालचं वाहनतळ स्वच्छ दिसत होतं. चौघंच जण होते, ओनोदेरा, हागिवाराबाई, नुकुई आणि लिहून घ्यायला कुवाबाराबाई.

ओनोदेरांनी दहा मिनिटांत विषय मांडून संपवला. एकसारखेपणा वगैरे. हागिवाराबाई सारख्या मान हलवत होत्या. नुकुईंच्या समोर नवी अनुक्रमणिका होती, तिच्यात गाठी पहिल्या. अकरा वर्षांचं मागणं पुरं झालेला माणूस इतका का अवघडलाय, असं कुणालाही वाटलं असतं. ते कागदाचा कोपरा दुमडत होते, उलगडत होते.

खाली गाडीचं दार वाजलं. तोकिवा पांढऱ्या गाडीवरचा बर्फ झाडूने पाडत होती. टपावर हात पोचत नव्हता म्हणून उड्या मारत होती.

"या हवेत कुठे निघाल्या?" ओनोदेरांनी विचारलं.

नुकुईंनी कागदाचा कोपरा पुन्हा दुमडला. शेवटी बाईच म्हणाल्या, "खेड्यात, सर. पट्ट्या बदलायच्या असतात गुरुवारी."

"अजून? अभ्यास तर संपला."

"अभ्यास संपला. पाय आहेत अजून."

हागिवाराबाई हसल्या आणि लगेच चहाकडे वळल्या. ओनोदेराही हसले. मग म्हणाले, मोठी गुणी मुलगी आहे, अशी माणसं विभागाला हवीत, पण कंत्राटाचे नियम आपल्या हातात नसतात. हे ते मनापासून म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. तोंडावर खोटेपणा शोधून सापडत नव्हता आणि त्यामुळे त्यांचा संताप अधिकच चढला.

"चला, शिक्के करून टाकू," ओनोदेरा म्हणाले.

इतिवृत्ताच्या तळाशी चार चौकोन होते. डावीकडचा अध्यक्षांचा, उजवीकडचा शेवटचा लिहिणाऱ्याचा. सुरुवात शेवटच्याने करायची, मग कागद एकेक चौकोन वर चढायचा. खालच्याने उमटवल्याशिवाय वरच्याला उमटवता येत नाही. आणि खालच्याचा शिक्का सरळ नसतो, डावीकडे कललेला असतो, साहेबाच्या चौकोनाला वाकून नमस्कार केल्यासारखा. हे कुठे लिहिलेलं नाही. पहिल्या आठवड्यात कुणीतरी खांद्यावरून वाकून दाखवतं आणि पुढे मनगटच ते शिकतं. नुकुईंनी एकदा गमतीने बाईंच्या शिक्क्याला कोनमापक लावला होता. अठ्ठावीस अंश भरले. हागिवाराबाईंचा पंधरा, नुकुईंचा स्वतःचा वीस. "विनयाचा तक्ता," ते म्हणाले होते आणि सगळे खूप हसले होते. बाईही.

त्यांनी शिक्क्याचं टोपण काढलं. लाकडी शिक्का, बावीस वर्षांत त्यांच्या बोटांच्या आकाराने झिजलेला. त्यांनी तो कागदावर आणला आणि मनगट आपोआप डावीकडे वळलं. त्यांनी ते सरळ केलं. ते पुन्हा वळलं.

खाली इंजिन सुरू झालं, बंद पडलं, परत सुरू झालं. गाडी हळूहळू फाटकाबाहेर गेली. चौघांनीही ती जाताना पाहिली.

कागद तसाच होता. शिक्का हवेत होता. आधी हागिवाराबाईंच्या लक्षात आलं, मग नुकुईंच्या. नुकुईंनी दुमडलेला कोपरा सोडला.

"कुवाबाराबाई," ओनोदेरा आपुलकीने म्हणाले, "शाई संपली का?"

तो प्रश्न सगळ्यांनाच सोयीचा पडला. हागिवाराबाईंनी घाईने पर्समधून आपली लाल शाईची चपटी डबी काढून पुढे सरकवली. नुकुईंनी खिशातली काढली, तिचं झाकण उघडेना, ते नखाने ओढू लागले. ओनोदेरांनी तर आपली चिनी मातीची मोठी डबी स्वतः उचलून बाईंच्या हाताशी ठेवली, झाकण काढून. तीन डब्या ओळीने मांडल्या गेल्या, ताज्या, लालभडक. एका वाक्याऐवजी एवढी शाई.

बाईंनी शिक्क्याला टोपण लावलं. त्यांनी तो टेबलावर उभा ठेवला, पडू नये म्हणून क्षणभर बोट धरलं आणि मग काढून घेतलं.

"शाई आहे, सर," त्या म्हणाल्या. चहा आणखी हवा का, असं विचारताना लागे तेवढाच त्यांचा आवाज होता. "हे काम तोकिवाबाईंचं आहे. तुम्ही त्या खेड्यांतल्या एकाही घरी गेलेला नाहीत. आणि हे या खोलीत आपल्या चौघांनाही ठाऊक आहे."