फ्रीजरमधल्या शेजारणीचा हेवा

मित्रांनो, मिरजेतल्या एका प्रयोगशाळेतली मी एक जुनी, करंगळीएवढी कुपी. उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर हे माझं घर. हाडांच्या पोकळीत मज्जा असते आणि तिच्यात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी झोपलेल्या असतात. त्यांना जागं करणारं द्रव्य माझ्या पोटात आहे.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, आपल्या हातून काही चांगलं घडेल. पण माझ्या शेजारी दुसरी कुपी येऊन बसली. तिचं द्रव्य पांढऱ्या पेशी वाढवणारं. डॉक्टर अंकिता आम्हा दोघींना वेगवेगळं तपासायची. बशीत मज्जेच्या पेशी, त्यांवर एकीचाच थेंब, चौदा दिवस ऊब, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. शेजारणीच्या बशीत पेशींचे बेचाळीस पुंजके उगवले. माझ्या बशीत तीन.

"बघा काका, कशी भरलीय बशी!" अंकिता मदतनीस आकारामकाकांना दाखवायची. कौतुक सगळं शेजारणीचं. तिला सारखं बाहेर बोलावणं, आणि माझ्या नावाची चिठ्ठी बर्फाखाली गडप. खोटं कशाला सांगू, तिचं बरं मला बघवत नसे.

एके दिवशी फ्रीजर साफ करताना अंकिता म्हणाली, "ही टाकून द्या, काका. हिच्यानं काही होत नाही."

माझं पाणी पाणी झालं. काकांनी मला उचललं, पण बर्फाच्या डब्यातच ठेवलं. त्यांची तासगावला द्राक्षबाग.

"आवं ताई, हिला एकटीलाच घातलं न्हवं? आमी द्राक्षाच्या घडाला जीए, म्हंजी वाढीचं औषध, एकटं देत न्हाई. संगं दुसरं औषध वाईच घालतो, तवा मणी फुगतो."

"काका, या माणसाच्या पेशी आहेत, द्राक्षं नव्हेत."

"मग द्राक्षापरास शान्या असतील की!"

अंकिता हसली, पण तिनं नवी बशी मांडली. दोघींचा एकेक थेंब घातला. मी पेशींना जागं करत होते, शेजारीण त्यांना वाढवत होती. जाग्या झालेल्या पेशींना तिची हाक अधिक ऐकू येत होती.

पंधराव्या दिवशी अंकिता मोजत राहिली. एकशे साठ पुंजके!

"लय झालं की! डोळं दुखतील तुमचं," काका म्हणाले.

"आणि मी हिला टाकत होते," अंकिता हळूच म्हणाली.

मला आनंद झाला. पण खरं सांगते, वहीत तिनं शेजारणीचं नाव आधी लिहिलं, तेच आधी दिसलं. अजूनही खुपतं.

मित्रांनो, आम्हाला वितळवून पुन्हा पुन्हा गोठवू नका, आमचं बळ जातं. आणि कुणाला टाकण्याआधी एकदा विचारा, त्याला सोबत कुणाची दिली होती?

आता आम्ही एकाच डबीत राहतो. शेजारणीत थोडेच थेंब उरलेत. अंकिताच्या हातून ती जपून वापरली जाऊ दे, असं मी रोज देवाजवळ मागते. माझ्या मनातला हेवा काढून घे, एवढं मागायला मात्र अजून जमलेलं नाही.