किरणं अडवणारं स्टिकर

"हॅलो! हॅलो! आवो, काईच ऐकू येऊन न्हाई राहिलं!"

शेषेराव अंगणभर ऐकू जाईल असे ओरडत होते. लेक उज्वला लातूरच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी भरती, आणि जावयाचा फोन पुन्हा पुन्हा तुटत होता. फोन दाबून दाबून कान लालेलाल झाला होता.

"कंपनीवाले लबाड हायेत! लोह्यासारख्या गावात रेंज न्हाई म्हंजी काय?"

"ते स्टिकर लावायच्या आधी बरं लागत व्हतं की," त्यांची बायको केवळाबाई म्हणाल्या.

"त्याला नावं ठिवू नको! किरणं अडवतंय ते. मोबाईलनं डोक्यात गाठी होऊन राहिल्यात लोकांच्या!"

माहूरला गेले तेव्हा एका फिरत्या विक्रेत्याच्या बोलण्याला भुलून त्यांनी घरातल्या सगळ्या फोनांना ती चकचकीत स्टिकरं चिकटवली होती. उज्वलाचाही फोन सोडला नव्हता.

आरडाओरडा ऐकून शेजारची पुनम आली. ती नांदेडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. फोन उलटा करून पाहताच तिनं कपाळाला हात लावला.

"काका, फोन टॉवरशी बोलतो तो रेडिओ लहरींनीच. त्याच अडवल्या तर फोन लागंल कसा? तोंडाला फडकं बांधलं की माणूस जास्त ओरडतो ना? तसं रेंज घटली की फोन जास्त जोर लावतो. अन् तुम्ही तोच कानाला दाबून धरलाय!"

"म्हंजी मी उलटंच करून राहिलो?" शेषेरावांचा आवाज एकदम खाली आला. "अन् त्या गाठी?"

"मोबाईलनं गाठ होते असं अजून सिद्ध झालेलं नाही, अभ्यास चालू आहे. पण काळजी घ्यायला काय जातं? स्पीकरवर बोला, फोन अंगापासून लांब ठेवा. रेंज नसली तर मोकळ्या जागेत जा, न्हाईतर मेसेज करा."

शेषेरावांनी नखानं खरवडून स्टिकर काढलं, तडक गच्ची गाठली आणि स्पीकर लावला. फोन लागला!

"मामा, मुलगी झाली! दोघी खुशाल हायेत!" पलीकडून जावयाचा आवाज आला.

मागोमाग आलेल्या केवळाबाईंनी डोळ्याला पदर लावला. शेषेराव घाईनं म्हणाले, "आदिनाथराव, आधी उज्वलाच्या फोनचं स्टिकर काढून फेका. मीच लावलं व्हतं, चुकलो मी!"

मंडळी, काळजी जरूर घ्या, पण आधी समजून घ्या. भ्यालेल्या माणसाला कुणीही काहीही विकतं. फोन कानापासून चार बोटं लांब धरायला मात्र कुठल्याच विक्रेत्याची गरज लागत नाही!