ओटीचे गहू

कौसल्याबाईंनी मेंढ्याच्या पोटाखालचा फडका आवळून गाठ मारली. अवेळी मेंढीवर चढू नये म्हणून तो कायम बांधलेला असे. पलीकडच्या वस्तीवरचा रावजी कधीचा समोर उभा होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"वहिनी, आमचा मेंढा लंगडा झालाय. समद्या एका वक्ताला माजावर याव्यात म्हणून डाक्टरनं मेंढ्यांच्या अंगात औषधाचं स्पंज ठिवलं व्हतं, परवा काढून सुया टोचल्या. आज आल्यात."

"मग?"

"तुमचा मेंढा द्या. उद्या माज उतरला की गेलं सारं. मेंढ्या रित्या राहत्याल."

"रिती तर आमच्या घरात बी हाय म्हणं एक. तुझ्या बायकूनंच सांगितलं की चारचौघीत."

रावजीची मान खाली गेली. मागच्या महिन्यात त्याच्या सुनेच्या डोहाळजेवणाला कौसल्याबाईंची सून उत्कर्षा ओटी भरायला पुढं झाली, तेव्हा त्याच्या बायकोनं, यशोदेनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं होतं. उत्कर्षाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. बारामतीच्या दवाखान्यातल्या सुया अजून चालूच होत्या.

"यशोदीला धाड. हितं, समद्यांदेखत माझ्या सुनेची ओटी भरू दे. मग सोडते मेंढा."

यशोदा आली. शेजारणी कुंपणाशी गोळा झाल्या. उत्कर्षाला पाटावर बसवून यशोदेनं कुंकू लावलं, तिच्या पदरात खण, नारळ, गहू घातले. गहू मोजकेच पडले.

"मूठ आखडू नगंस," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुझ्या मेंढ्या काय थोड्या हायत व्हय?"

बायका पदराआड हसल्या. महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवल्यासारखं कौसल्याबाईंना वाटलं.

"ऊठ गं. हिच्या पाया पडायची गरज न्हाय."

उत्कर्षा उठली. खण-नारळ तिनं पाटावर ठेवला, भरला पदर सावरत मेंढ्यापाशी गेली आणि सगळे गहू त्याच्या घमेल्यात ओतले. मेंढ्यानं लगेच तोंड घातलं.

"अगं, ओटी ती!" कौसल्याबाई ओरडल्या.

"मेंढ्यापायी भरलेली हाय, आत्या." खाली बसून ती फडक्याची गाठ सोडत होती. "मेंढ्यालाच खाऊ द्या."

दावं तिनं यशोदेच्या हातात दिलं आणि घरात गेली. कुंपणाशी आता कुणी हसत नव्हतं. कौसल्याबाईंनी वाकून मेंढ्याचा फडका उचलला आणि नुसत्या झटकत राहिल्या.