बत्तिसावं ताट

"रजिस्टर रहने दीजिए, जेलरसाब. थालियाँ दिखाइए," असं म्हणून वासंतीबाई खानझोडे परवानगीची वाट न पाहता महिला बराकीच्या नळाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आनंद नगरजवळच्या कारखान्याच्या वसाहतीत परिचारिका म्हणून त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. क्वार्टर एकाच्या नावावर, राहणारे नऊ, आणि दार उघडणारा छातीठोकपणे 'चारच' सांगणार. म्हणून लस टोचायला गेल्या की बाई आधी मोरीत डोकावून खरकटी ताटं मोजायच्या. या खोडीपायी लोकांनी त्यांना नावं ठेवली, पण एक पोर त्यांच्या हातून सुटलं नाही. आता क्षयाच्या तपासणीसाठी तुरुंगातली माणसं मोजायला सरकारने त्यांना उसनं मागून घेतलं होतं. उद्या एक्स-रेची गाडी येणार होती. यादीत नाव असेल त्याचीच छाती तपासली जाणार होती.

रजिस्टरात बायका एकतीस. नळाशी ताटं बत्तीस.

"बत्तीसवीं किसकी?"

जेलर चुळबुळला. "अम्मा की. बारा दिन हुए रिहाई को, बेटा लेने ही नहीं आया. सड़क पे छोड़ देता क्या? पर काग़ज़ पे तो वो यहाँ है ही नहीं, मैडम. लिखोगी तो मेरी नौकरी जाएगी."

भिंतीशी बसलेली म्हातारी खोकली. तो ओळखीचा खोकला ऐकून बाईंनी तपासणीच्या यादीचा फॉर्म काढला. जेलर वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती.

बाईंनी फॉर्मच्या मथळ्यावर बोट ठेवलं. "'यहाँ रहने वाले व्यक्ति.' क़ैदी कहाँ लिखा है? बीमार थी, लेने कोई आया नहीं, इसलिए रखा. यही लिखकर मैं दस्तख़त करती हूँ. कोई पूछे, तो मेरे पास भेज देना."

मग त्या म्हातारीकडे वळल्या. "आपका नाम, अम्मा?"

"कौतिका. मुलताईची."

"मुलताईकडे तर मराठीच बोलतात. मग मराठीतच बोला की आजी!"

म्हातारी सावरून बसली. "लिव्हलं का वो बाई, माह्यं नाव?"

"लिहिलं."

संध्याकाळची मोजणी सुरू झाली. बायका जोडीजोडीने बसल्या आणि एकतिसावी एकटी उरली. नऊ वर्षांच्या कैदेतल्या सवयीने कौतिका सुटकेनंतरही रोज तिच्या शेजारी जाऊन बसायची आणि पहारेकरीण रोज तिला दंडाला धरून उठवायची. आजही ती जाऊन बसली. पहारेकरीण तिच्यापाशी थबकली. तिने जेलरकडे पाहिलं, जेलरने बाईंकडे.

"सोलह जोड़ी," पहारेकरीण मोठ्याने म्हणाली.

कौतिकाने डोक्यावरचा पदर नीट केला.