लेकी धरल्या नव्हत्या

माझा भाऊ हिलाल धुळ्याच्या पाणीपुरवठा कचेरीत डिझाइन इंजिनिअर होता. नदीचं पाणी टाकीत कोणत्या पंपाने आणि केवढ्या मोटरीने चढवायचं, हे तो कागदावर ठरवायचा. गावात कुणी विचारलं, की आई ताठ होऊन सांगायची, "मना हिलाल पानी चढावस." आमच्या स्वतःच्या गावात मात्र पाण्याचा टिपूस नव्हता, आणि हे मी त्याला दर भेटीत ऐकवायचे. मोठी बहीण आहे, तेवढा हक्क आहे माझा.

आमचं गाव धरणगावच्या पुढे, कापसाच्या पट्ट्यात. चैत्र सरला की विहिरी कोरड्या, आणि आखाजी, आमची अक्षय्य तृतीया, नेमकी तेव्हाच येते. खानदेशातल्या सासुरवाशिणीला आखाजीपुढे दिवाळीचं काय कौतुक? भाऊ मुराळी म्हणून न्यायला येतो, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी रात्र रात्र चालतात. मला जळगावात दिलेली. पहिली काही वर्षं मी आखाजीला गेले. मग एसटीने येणाऱ्या कुणाच्याही तोंडी आईचा निरोप यायला लागला, "पानी नही शे बेटा, यंदा येऊ नको." पोटच्या पोरीला असं सांगताना तिला काय होत असेल ते कळायचं, तरी राग यायचाच. माझी धाकटी तर आजीचं घर न बघताच शाळेत जायला लागली.

एकोणनव्वद साली तापीवरून आमच्यासकट पाच गावांची योजना मंजूर झाली आणि पंपाचं काम हिलालच्याच टेबलावर आलं. पोराचे पाय जमिनीला लागेनात. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मला समजावून सांगायचा: जनगणनेतून गावची वस्ती घ्यायची, पुढची वाढ धरायची, माणशी पाणी ठरलेलं असतं, त्यावरून पंप निघतो. "चूक व्हवाले जागाच नही, अक्का." जोडीला एक राखीव पंप त्याने आराखड्यात धरला होता, तो वरच्या साहेबांनी काटकसर म्हणून उडवला. भांडला बिचारा, पण साहेबापुढे शहाणपण चालत नाही.

आईचं मागणं एकच होतं. "आखाजीना पहिले पानी आन. मनी पोर घर येवाले पाहिजे."

आणि त्याने आणलं. आखाजीच्या तोंडावर नळाला धार लागली. हिलाल स्वतः मुराळी म्हणून आला, आम्हाला घेऊन गेला. आईने माझ्या पोरींना अंगणात बसवून न्हाऊ घातलं. गरज नसताना बादल्यांवर बादल्या ओतल्या, नुसती श्रीमंती दाखवायला. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

पण तशी आई काही एकटीच नव्हती. गल्लीत घरोघरी लेकी आल्या होत्या, कित्येक वर्षं न बोलावलेल्या, कडेवर एक आणि हाताशी दोन अशा. पाचही गावांत हेच. आखाजीला सकाळी पितरांची घागर भरतात, म्हणून सगळे नळ एकदम सुटले आणि टाकीने तळ दाखवला. मोटर आदल्या दिवसापासून चालूच होती. पंपावरचा माणूस ती गार व्हायला थोडा वेळ बंद करायला निघाला, तर सरपंच लोटननाना त्याच्या अंगावर धावले, "बंद करू नको! घर घर आंडेरी उन्यात, लेकी उन्यात!" त्यात तापीकाठच्या शेतांवरच्या मोटरींमुळे विजेचा दाब पार खाली. दुपारच्या आत मोटर जळाली.

हिलाल जाऊन बघून आला आणि उंबऱ्यात बसला. घरात पितरांची घागर अर्धीच भरलेली होती.

"कितला माणसं धरात तू?" मी विचारलं.

"गावनी वस्ती."

"आनि आम्ही?"

"तुम्हले तुमना सासरले मोजेल शे, अक्का."

माझं डोकंच फिरलं. साहेबाला आखाजी काय ठाऊक? पण हा तर त्याच निंबाखाली वाढला, मला झोके देऊन देऊन त्याचे हात दुखले. याला गाव कळलं, आम्ही कळलो नाही.

आईने संध्याकाळच्या गाडीने आम्हाला परत लावून दिलं. फाट्यावर गावभरच्या लेकी उभ्या, फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या, तहानलेली लेकरं.

मोटर दुरुस्त झाली. हिलालने पुढे लेकी धरून नवा, मोठा पंप मागितला. एक माणूस दोन गावांत मोजता येत नाही, असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी गावात दवंडी पिटली, की आखाजीला लेकी आणू नका, मोटर जळते. हे सांगायला हिलाल स्वतः जळगावला आला. चहा घेतला नाही.





तो पंप पुन्हा कधी बिघडला नाही. कचेरीत त्या डिझाइनचं नाव निघतं म्हणे. निघणारच. आम्ही गेलोच नाही.

आई गेली ती वैशाखात. आम्ही सगळ्या गेलो, मी, चुलत बहिणी, भाच्या, त्यांची पोरं. एसटीत रडतानाही माझ्या मनात एकच, की मातीनंतर एवढ्या जणींच्या आंघोळीला पाणी कुठून येणार? लाज वाटली, पण विचार काही जाईना. दारात पोचले तर टँकर उभा होता. धुळ्याहून निघायच्या आधीच हिलालने फोन करून सांगितला होता.

"ह्या येळे लेकी धऱ्यात, अक्का," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला.

पाणी सगळ्यांना पुरलं. संध्याकाळीही टँकर अर्धा भरलेला होता.