शिंगराचे गणगोत

उइबान मामाने आयुष्यात एकच वाद मनापासून घातला, आणि तोही एकाच माणसाशी. नदीपलीकडे राहणारा प्रोकोपी एवेन जमातीचा, म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्यांतला. मामा साखा जमातीचा, घोडे पाळणारा. दोघांची गाठ पडली की चहा निवायच्या आत प्रोकोपी सुरू व्हायचा.

"आमचे रेनडिअर पहिल्यापासून इथले. तुम्ही दक्षिणेकडून आलात, येताना घोडे घेऊन आलात. तुम्ही पाहुणे आणि तुमच्या घोड्याही पाहुण्या."

"पाहुण्या?" मामा उसळायचा. "कडाक्याच्या थंडीत खुराने बर्फ उकरून गवत खातात, त्या पाहुण्या? पाहुण्याला ताट वाढावं लागतं, बाबा!"

पिकल्या वयात असले वाद कशाला, असे कोणी म्हणेल. पण मामाला मूलबाळ नव्हते, बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. घोडे तेवढे होते. ते या मातीचे आहेत, एवढेच त्याला कोणीतरी सांगायला हवे होते.

मग एका उन्हाळ्यात नदीचा काठ विरघळून कोसळला आणि गोठलेल्या मातीतून एक शिंगरू अर्धे बाहेर आले. हजारो वर्षांपूर्वीचे. अंगावर तपकिरी केस, पापण्या मिटलेल्या, जबडा किंचित उघडा. मामाने याकुत्स्क शहरात राहणाऱ्या भाचीला, तुयाराला, फोन लावला. ती तिथल्या प्रयोगशाळेत जुन्या हाडामांसातून डीएनए काढण्याचे काम करत असे.

"हात लावू नकोस," तुयारा म्हणाली. "वर ताडपत्री घाल. श्वाससुद्धा तोंड फिरवून सोड."

"आता त्याला माझी सर्दी होणार आहे काय?"

"मामा, हसू नकोस. तुझा एक केस पडला तरी माझं सगळं काम पाण्यात जाईल."

ती आली ती नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, तोंडावर मास्क, हातमोज्यांवर हातमोजे. गावातली कुत्री ओळखीची असूनही तिच्यावर भुंकली. तिने जबड्यातला एक दात हिरडीसकट काढला, मागच्या पायाच्या हाडाचा तुकडा घेतला आणि परत गेली. मामा लांब उभा राहून बघत होता. त्याने एकच विचारले, "माझ्या घोड्यांशी नातं निघेल का गं?"

वसंतात दाताचा निकाल आला. नाते निघाले होते. मामाच्या घोड्यांच्या जातीशी तो दात असा जुळत होता की तुयाराने दोनदा संगणकाच्या पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिले. प्रयोगशाळेच्या प्रमुख अग्राफेना बाई म्हणाल्या, "पायाचं हाड अजून व्हायचंय. तोवर तोंड मिटून बस." तुयाराने मान डोलावली, व्हरांड्यात गेली आणि मामाला फोन केला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय!

इस्याख या उन्हाळी सणाला अख्खे गाव कुरणात जमले होते. मामाने सगळ्यांसमोर ते जाहीर केले. प्रोकोपी उठला, टोपी काढून मामाच्या घोडीपुढे वाकला आणि म्हणाला, "बाईसाहेब, चुकलं. घर तुमचंच." लोक हसून हसून लोळले. मामा मात्र रडला, आणि ते कोणापासून लपवावे असे त्याला वाटले नाही.

पायाच्या हाडाचा निकाल त्यानंतर आला. नाते नव्हते.

तुयाराने दाताचा निकाल पुन्हा उघडला. इतका काळ जमिनीत राहिलेला डीएनए अखंड राहत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, टोके झिजतात. हे तिला झोपेत विचारले असते तरी सांगता आले असते. दातातले जे धागे मामाच्या घोड्यांशी जुळत होते ते लांब आणि धडधाकट होते, म्हणजे अलीकडचे. झिजलेले तुकडे वेगळे काढले, तर ते त्या पायाच्या हाडाचे सख्खे निघाले. आनंदाच्या भरात तिने टोकेच पाहिली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

"फोन तू केलास," अग्राफेना बाई म्हणाल्या. "आता फोनवर नाही सांगायचं. जा."

मामा कुरणाचे कुंपण नीट करत होता. तुयाराने आडपडदा न ठेवता सांगितले. त्याने हातातला वासा खाली ठेवला.

"म्हणजे नातं नाही."

"नाही, मामा."

"प्रोकोपीला मीच सांगेन. टोपी त्याने माझ्या शब्दावर काढली होती."

ताजा डीएनए त्या दातात आला कुठून, हे तुयाराला अजून कळले नव्हते. मग तिने विचारले, "मी यायच्या आधी त्या शिंगराला काही केलंस?"

"हात नाही लावला. तू बजावलं होतंस ना."

"मग?"

"दूध दिलं फक्त." मामाला यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. "जमिनीतून काही वर आलं तर आपण जमिनीला दुधाचा नैवेद्य देतोच की. पण हे बाळ होतं. तोंड उघडं होतं. घोडीचं नुकतंच काढलेलं होतं, वरूनच थोडं तोंडात ओतलं. भांडंसुद्धा टेकू दिलं नाही."

तुयाराला असा राग आला की तिने कुंपणाचा खांब घट्ट धरला. "मामा, त्या दुधानेच सगळा घोळ केला! मला दातात सापडली ती तुझीच घोडी."

"माझीच?"

"हो! आणि मी वेडी, ते तुलाच फोन करून सांगितलं."

मामा कुरणाकडे बघत राहिला. घोड्या माना खाली घालून चरत होत्या, शिंगरे आयांना चिकटून होती.

"मग त्याचं कोण होतं?" त्याने विचारले.

"त्याची जातच वेगळी होती. ती संपली."

"पण कुठेतरी असतील ना? दुसऱ्या देशात?"

"जगातल्या घोड्यांशी ताडून पाहिलं, मामा. कुणी सापडलं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

मामाने वाकून वासा उचलला.

"मग पाजलं ते बरं केलं," तो म्हणाला.